दिवा शांत कोण करतं?

दुपारचे साडेतीन वाजले होते, खिडकीतून ऊन थेट सोफ्यावर पडलं होतं आणि आई देवापुढे निरांजन लावून शुभं करोति म्हणत होती. तिच्या मनगटावरचं घड्याळ सात दाखवत होतं. जूनमध्ये ती आमच्याकडे स्टॉकहोमला आली, तेव्हा पहिले चार दिवस तिने इथल्या तिन्हीसांजेची वाट पाहिली. आठ वाजले, नऊ वाजले, दहाच्या सुमारास सूर्य कसाबसा झाडांमागे गेला आणि तरी गॅलरीत पेपर वाचता येईल एवढा उजेड राहिलाच. "हिला काय संध्याकाळ म्हणायचं?" असं म्हणून पाचव्या दिवशी तिने प्रश्न निकालात काढला. रत्नागिरीत दिवेलागण झाली की इथे दिवा लागेल. घड्याळ तिने विमानात बदललं नव्हतंच, ते तसंच राहिलं आणि आमच्या घरात रोज भर उन्हात संध्याकाळ होऊ लागली.

त्या दिवशी आम्ही पोहायला निघालो होतो. मुलगा गळ्यात टॉवेल अडकवून दारात उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. पेटता दिवा घरात ठेवून बाहेर पडायचं नाही, हे त्याला शाळेत अगदी कवायतीसारखं शिकवलंय. म्हणून तो म्हणाला, "आजी, दिवा विझव ना, निघायचंय." आईचा हात एकदम त्याच्या तोंडावर गेला. "विझव म्हणू नये रे राजा. दिवा शांत कर, म्हणावं." त्याने तिचा हात बाजूला केला आणि खरोखरच विचारलं, "शांत? तो ओरडत होता का?" मला हसू फुटलं. आई हसली नाही. तिने देवावरचं एक फूल उचललं, वातीवर हलकेच टेकवलं, धुराची एक रेघ उठली आणि आम्ही पोहायला गेलो.

पाण्यात मात्र ते वाक्य माझ्या मागे लागलं.

तसं त्यात नवीन काहीच नव्हतं. मलाही लहानपणी असंच टोकलं होतं. आपल्याकडे दिवा मालवतात, शांत करतात, निरोप देतात, पण विझवत नाहीत. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान संध्याकाळी बंद होत नाही, तेही वाढवतात. घरातून निघणारा माणूस जातो म्हणत नाही. कॉलेजात असताना या सगळ्याला मी भाषेचा भित्रेपणा म्हणत असे. जे होणार ते होणारच, शब्द बदलून काय थांबणार आहे? इथे आल्यावर तर हा सगळा कारभार आणखीच लांब गेला. स्वीडिशमध्ये दिवा विझवायलाही आणि तहान भागवायलाही एकच क्रियापद आहे, 'स्लेका'. माझा मुलगा मनातल्या मनात तिकडून इकडे येतो आणि इकडे आल्यावर त्याला सगळ्यात जवळचा शब्द सापडतो तो 'विझव'. त्याची चूक काय?

आता थोडं आमच्या पत्त्याविषयी. आम्ही राहतो लिडिंगो बेटावर, डालेनुम नावाच्या वस्तीत. पूर्वी इथे आगा कंपनीचा कारखाना होता, आता घरं आहेत. वस्तीला नाव मिळालंय गुस्ताफ डालेन यांचं. घर घेताना मला या माणसाविषयी एवढंच कळलं होतं की १९१२ साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि तेही दीपगृहांसाठी. अणूबिणू नाही, सिद्धान्त नाही. समुद्रातल्या दिव्यांची व्यवस्था लावली म्हणून. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. मला मात्र पहिल्या दिवसापासून वाटत आलंय, कारण मी रत्नागिरीची आहे आणि रत्नदुर्गाच्या दीपगृहाचा झोत ही माझ्या लहानपणीची रात्र मोजायची पट्टी होती.

डालेन यांच्या कामाबद्दल लोक सांगतात की त्यांनी दीपगृहं आपोआप लागतील अशी केली. ते खोटं नाही, पण त्यांच्या डोक्याला लागलेला घोर वेगळा होता. बाल्टिकच्या किनाऱ्याला हजारो खडक. प्रत्येकावर माणूस ठेवणं शक्य नाही, म्हणून ॲसिटिलीन वायूवर दिवा चालवायचा. पण वायू महाग, आणि टाकी बदलायला बोट पाठवणं त्याहून महाग. म्हणजे कोडं दिवा पेटवण्याचं नव्हतंच, तो जास्तीत जास्त वेळ न जळता कसा ठेवायचा याचं होतं. त्यांनी आधी दिव्याला लुकलुकायला शिकवलं. तीन सेकंदांत ०.३ सेकंद उजेड, बाकीचा वेळ अंधार. तेवढ्यानेच नव्वद टक्के वायू वाचला. आणि खलाशांचं काही अडलं नाही, कारण खलाशी दीपगृह ओळखतो ते दोन उजेडांमधला अंधार मोजूनच. मग १९०७ साली त्यांनी सूर्यझडप केली. काचेच्या नळकांड्यात चार धातूच्या कांड्या. तीन सोन्याचा मुलामा देऊन चकचकीत केलेल्या, त्या उजेड परतवून लावतात. मधली काळी, ती उजेड पिते, तापते आणि इतरांपेक्षा केसभर लांब होते. तेवढ्या केसभर लांबीने वायूची झडप बंद होते. सांज झाली की काळी कांडी गार होऊन आखडते आणि झडप उघडते. ढगाळ, काळोखी दुपार असली तरी उघडते. घड्याळ नाही, पंचांग नाही.

आणि यातली एक गोष्ट मला पोहून आल्यावर, केस पुसता पुसता आठवली. झडप बंद झाली तरी आतली एक बारीक ज्योत चालूच राहते. मोठा दिवा पुन्हा पेटायचा तो तिच्यावरच. म्हणजे दिवसभर तो दिवा विझलेला नसतोच. आई म्हणते तसा तो शांत असतो! मी टॉवेल डोक्यावर घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि हे आईला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "मग मी वेगळं काय सांगत होते?"

त्या आठवड्यात मी मॅर्केतची सहल ठरवली. दीपगृहाला जाऊन यायचं असं मनात आधीपासून होतंच, आता निमित्त मिळालं. मॅर्केत म्हणजे स्वीडन आणि फिनलंडच्या मधल्या समुद्रातला एक खडक. नावाचा अर्थ 'खूण' असा काहीसा. आईने रत्नागिरीला मावशीला फोनवर कळवलं की उद्या आम्ही मार्केटला जाणार, आणि पलीकडून मावशीने येताना केशर आण म्हणून सांगितलं. आईने ते दुरुस्त केलं नाही. "कुठे समजावत बसू, समुद्रात खडक बघायला एवढे पैसे घालून चाललोय म्हणून."

बसने ग्रिस्लेहाम्न, तिथून दोन तासांची फेरीबोट, पलीकडे ऑलँड बेटांतलं एकेरो. बोटीवरचे निम्मे लोक उतरतच नाहीत. ते करमुक्त दुकानात खोके भरतात, जेवतात आणि त्याच बोटीने परत जातात. ऑलँड फिनलंडचं, भाषा मात्र स्वीडिश आणि घड्याळ एक तास पुढे. आईचं घड्याळ अर्थातच जिथल्या तिथे. रात्री एकेरोला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी लहान बोटीने पुढे जायचं होतं; खडकाला धक्का नाही, उडी मारून उतरावं लागतं आणि वारा असेल तर बोट अर्ध्यातून फिरते, हे ऐकून आईने बंदरातल्या बाकावर बसणं पसंत केलं. नातू तिच्यासोबत थांबला, कारण तिथे आइस्क्रीम होतं.

मी एकटी गेले. उतरताना बोटवाल्याने दंड पकडून "आता!" म्हटलं आणि मी आयुष्यात प्रथमच कोणाच्या सांगण्यावरून तत्काळ उडी मारली. पायाखाली बर्फाने घासून घासून गुळगुळीत केलेला दगड, उन्हाने कोमट. झाड नाही, झुडूप नाही. भेगांत थोडंसं हिरवं, सगळीकडे पक्ष्यांची शिट, आणि डोक्यावर कुररी पक्षी असे काही किंचाळत सूर मारत होते की मी पर्स डोक्यावर धरून चालले. लांब पाण्यात दोन-तीन काळी डोकी वर आली, सील होते, बघून परत खाली गेले. खडकाची लांबी साडेतीनशे मीटर, रुंदी दीडशे. आमच्या गावच्या देवळाचं आवार आणि पुढचं शेत मिळून एवढं होईल. मी वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. समुद्राचं पाणी म्हणून जीभ सावध झाली होती, आणि ते निघालं पाणचट! अरबी समुद्राच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढाच खारटपणा इथे. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. समुद्राचा वास म्हणतो तोही नाही. ना मासळीचा, ना चिखलाचा. इतकी वर्षं इथे राहूनही मी या पाण्याला मनातून समुद्र मानलेलं नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

मॅर्केतची खरी गंमत हद्दीची. १८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड रशियाला गमावला, तेव्हा सीमा आखताना रेघ या खडकाच्या मधोमध गेली. इथे जहाजं फार फुटत, म्हणून १८८५ साली रशियाच्या ताब्यातल्या फिनलंडने दीपगृह बांधलं. पण बांधलं ते सगळ्यात उंच जागी, आणि उंच जागा नेमकी स्वीडनच्या निम्म्यात! शंभर वर्षं ते परक्याच्या जमिनीवर उभं होतं आणि कोणी फारसं मनावर घेतलं नाही. शेवटी १९८५ मध्ये दोघांनी मोजणी करून हद्द नव्याने आखली. अट अशी की कोणाची तसूभर जमीन कमी होऊ नये आणि किनाऱ्यावरची टोकं हलू नयेत, कारण मासेमारीचे हक्क त्यांना बांधलेले. म्हणून रेघ आता किनाऱ्यावरून निघते, वळसा घालून दीपगृहाला फिनलंडमध्ये घेते, उलटा वळसा घालून तेवढीच जमीन स्वीडनला परत करते आणि जुन्या जागी पाण्यात उतरते. सीमेवर खांब नाहीत. हिवाळ्यात बर्फ ते मोडून टाकेल, म्हणून खडकात नुसती भोकं पाडली आहेत. आमच्याकडे दोन हापूसच्या कलमांवरून तीन पिढ्या कोर्टात गेल्या. मी त्यातल्या एका भोकात बोट घातलं. आत पावसाचं पाणी होतं. वरून ही सगळी जमीनच हळूहळू वर येते आहे. हिमयुगातलं बर्फाचं ओझं उतरलं, तेव्हापासून ती अजून सावरते आहे, वर्षाला पाच मिलिमीटरच्या आसपास. पुढे कधी पाण्याखालचं काही वर आलं तर पुन्हा मोजणी.

दीपगृह म्हणजे एक दगडी घर आणि त्याच्याच अंगातून वर निघालेला मनोरा. सत्तरच्या दशकात दिवा स्वयंचलित झाला आणि शेवटची माणसं निघून गेली. मग काही वर्षं घर तसंच पडून राहिलं. २००७ पासून फिनलंडच्या दीपगृहप्रेमींची संस्था ते दुरुस्त करते आहे. उन्हाळ्यात स्वयंसेवक येऊन राहतात, भिंती खरवडतात, रंग देतात आणि आलेल्याला कॉफी पाजतात. त्यांचं कौतुक वाटलं आणि थोडी चमत्कारिकही वाटली ती व्यवस्था. दिव्याला माणसाची गरज उरली नाही म्हणून माणसं गेली, तर घर ढासळायला लागलं. आता माणसं परत आली आहेत ती घराची रखवाली करायला. दिव्याला कोणी हातही लावत नाही. तो वर एकटा आपलं आपलं काम करतो, आणि खाली लोक स्टोव्हवर सूप ढवळतात.

अरुंद जिन्याने वर गेले. भर दिवस होता, दिवा अर्थातच शांत. इतक्या लांबून येऊन मी बंद दिवा बघत होते आणि हे आधीच माहीत असूनही मला वाईट वाटलं. काच स्वच्छ होती. जुन्या काळी तेलाच्या दीपगृहांवर ही काच पुसणं हे रात्रंदिवसाचं काम असे. काजळी धरली की उजेड मैलाने कमी होतो. मला आमचा कंदील आठवला, राखेने काच पुसताना आत न जाणारा हात आठवला, आणि मग ज्याच्यापासून मी इतका वेळ लांब राहिले होते ते आठवलं.

बाबा गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचले. माजघरात त्यांना ठेवलं होतं त्या जागी दिवा लावलेला, वात दक्षिणेकडे. दहा दिवस तो अखंड ठेवायचा. रात्री पाळीपाळीने जागायचं, आणि पाचव्या रात्री माझी पाळी होती. मी विमानाचा शीण अंगात घेऊन भिंतीला टेकून बसले. जाग आली ती वासाने, जळलेल्या वातीच्या. अंधार होता. किती वेळ गेला होता कोण जाणे. मी चाचपडत हात पुढे केला आणि वातीला बोट लावलं. टोक लाल असेल, अजून कुठे धुगधुगी असेल, असं वाटत होतं. वात गार होती. समईपाशी काडेपेटी होती. दुसरी काडी पेटली. मी तेल घातलं, वात पुढे सारली आणि ज्योत होती तेवढीच करून ठेवली. पहाटे आई उठून आली, दिव्याकडे बघितलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जागलीस हो बाई." मी मान हलवली. जळक्या दोन्ही काड्या माझ्या पर्सच्या कप्प्यात होत्या. आठवड्याभराने स्टॉकहोमला विमानतळावर किल्ली शोधताना त्या हाताला लागल्या. तिथे कचऱ्याचे चार वेगवेगळे डबे होते आणि कुठल्या डब्यात टाकायच्या ते मला ठरवता येईना. परत पर्समध्ये ठेवल्या.

डालेन यांची पुढची हकिगत लोक सांगतात ती नेहमी एका श्वासात, म्हणून मी सहसा टाळते. पण त्या मनोऱ्यात ती टळली नाही. ज्या वर्षी नोबेल मिळालं त्याच वर्षी, सप्टेंबरात, वायूच्या टाक्यांची चाचणी घेताना स्फोट झाला आणि त्यांची दृष्टी गेली. त्यांचा भाऊ डोळ्यांचा डॉक्टर, आणि त्याच्याही हाती काही राहिलं नाही. समारंभाला तोच त्यांच्या जागी गेला. यात नियतीचा खेळ वगैरे बघणाऱ्यांनी बघावा. मला त्या माणसाची पुढची पंचवीस वर्षं जास्त ओढ लावतात. १९३७ मध्ये जाईपर्यंत त्यांनी आगा कंपनी चालवली. घरी पडून असताना बायकोचे स्वयंपाकघरातले हाल त्यांना ऐकू येऊ लागले. सरपण, राख, आच कमी-जास्त करणं. म्हणून १९२२ साली त्यांनी एक शेगडी बनवली. ती विझवायचीच नाही. मंद, अखंड तापलेली, लोखंडात ऊब साठवणारी. उजेड काटकसरीने वापरायला शिकवणाऱ्या माणसाने, दिसेनासं झाल्यावर, कायम चालू राहणारा विस्तव केला. आमची आजी रात्री निखारे राखेत झाकून ठेवायची आणि सकाळी फुंकून जागे करायची. एखाद्या सकाळी ते निघायचे नाहीत. मग ती शेजारी विस्तव मागायला जायची, आणि त्यात तिला लाज वाटत नसे.

खालून हाक आली. वारा फिरला होता, बोट थांबणार नव्हती.

एकेरोला बाकावर आई आणि मुलगा तसेच बसलेले. त्याच्या गालावर चॉकलेट, तिच्या मांडीवर माझी शाल. "बघितलास दिवा?" तिने विचारलं. मी म्हटलं, बघितला, पण लागलेला नव्हता. "लावतं कोण?" कोणी नाही, आपोआप लागतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. आपोआप या शब्दावर तिचा विश्वास नाही. आपोआप काही होत नाही, कोणीतरी आधी करून ठेवलेलं असतं, असं ती म्हणते. मग म्हणाली, "आणि सकाळी शांत कोण करतं?"

मी तिला पुन्हा डालेन यांची काळी कांडी सांगितली. या दिव्यात तसली कांडी असेल-नसेल, पण गोष्ट तीच. उजाडलं की दिव्याला कळतं. "म्हणजे सूर्यच करतो की," ती म्हणाली. हो, सूर्यच. "मग बरं आहे."

संध्याकाळच्या फेरीने परत निघालो. डेकवर आम्ही दोघीच. मुलगा आत खेळण्यांपाशी होता. ऊन तिरपं होऊन पाण्यावर पसरलं होतं आणि उत्तरेला, जिथे मॅर्केत असायला हवं होतं तिथे, नुसती चकाकी दिसत होती. आईने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ तिकडे पाहिलं. मी पर्सची चेन उघडली, आतल्या कप्प्यावर बोट ठेवलं. "आई, त्या रात्री ना..." तेवढ्यात वर भोंग्यातून सूचना सुरू झाली, स्वीडिशमध्ये, मग फिनिशमध्ये, मग इंग्रजीत, तिन्ही भाषांत मिळून ती संपेपर्यंत आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

"काय म्हणत होतीस?"

"काही नाही. घड्याळ एक तास मागे घ्यायचंय म्हणून सांगताहेत."

"तुमचं घ्या," ती म्हणाली. "माझं रत्नागिरीचंच आहे."